किती हाय, भाऊ?

माणसं एकमेकांना भेटली की 'कसे आहात' म्हणतात. आमचे भाऊ म्हणायचे, "किती हाय?" नवा माणूस गोंधळायचा. कोणी घड्याळ बघून वेळ सांगे, एका नव्या प्राध्यापिकेने तर लाजत लाजत वय सांगितलं होतं. भाऊंना हवा असायचा ताप. माणसाचा नाही बरं का, तुमच्या टेबलावरच्या कम्प्युटरचा. अंशात आकडा सांगितलात तर तुम्ही शहाणे. "ठीक आहे, जरा गरम वाटतोय," असं म्हणालात की संपलंच.

"वाटते म्हंजे? वाटाले काय लागते बाई! तुमाले काय वाटते ते राहू द्या. चिप काय म्हनते ते सांगा."

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि भाऊ तिथली कम्प्युटर लॅब सांभाळायचे. उंच, काटकुळे, आणि भांडायला कायम तयार. शर्टाच्या डाव्या खिशात पेचकस आणि भिंग, पँटच्या उजव्या खिशात कांदा. कांद्याला कोणी हसू नये. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडायचं तर डोक्याला पांढरा दुपट्टा बांधायचा आणि खिशात कांदा ठेवायचा, म्हणजे ऊन लागत नाही. खरं-खोटं मला विचारू नका. चंद्रपूरकडचा मे महिना एकदा काढून बघा आणि मग हवं तेवढं हसा.

लॅबमधले कम्प्युटर कुठल्याशा कंपनीने जुने झाले म्हणून दान दिलेले. त्यामुळे एकासारखा दुसरा नाही. आता, प्रत्येक कम्प्युटरच्या पोटात जो मदरबोर्ड असतो ना, त्याच्यावर एक नखाएवढी चिप असते. ताप किती, पंखा किती जोरात फिरतोय, वीज सरळ येते की वाकडी, एवढ्यावर नजर ठेवायची हे तिचं काम. पण ती चिप कुठल्या घराण्यातली हे ओळखल्याशिवाय तिच्याशी बोलता येत नाही. हे मला कसं माहीत? बाप्पा, मला ते माहीत नसणं शक्यच नव्हतं. भाऊंनी डब्याच्या सुट्टीत मला दुसरं काही ऐकूच दिलं नाही.

ओळखण्याची त्यांची रीत सगळ्यांना एकच होती, माणूस असो की चिप. मी पहिल्या दिवशी हजर झाले तेव्हा त्यांनी मला दारातच अडवलं होतं.

"कोन गाव तुमचं?"

"वरोरा."

"कोनाच्या घरच्या?"

सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मामाचं गाव कोन्तं?"

"सिंदेवाही."

"हां!" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. माझ्या मामाच्या शेजारच्या घरात त्यांच्या साळीचं सासर निघालं. "ओळख पटली. आता बोला, काय काम हाय?" तेव्हापासून मी त्यांच्या लेखी घरची झाले. ज्याची तीन प्रश्नांत ओळख पटत नाही तो माणूस काहीतरी लपवून राह्यला, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि झाडीपट्टीत ते फारसं चुकतही नाही.

चिपचंही तेच. एक फुकटातला प्रोग्राम होता त्यांच्याकडे. तो मदरबोर्डवरच्या एकेका पत्त्यावर जाऊन दार वाजवायचा आणि कोणी आहे का ते बघायचा. दर दारापाशी आधी विचारायचा, वाजवू का? कारण काही पत्त्यांवर चुकीचं दार वाजवलं तर अख्खी मशीन रुसून बसते. भाऊ तो प्रश्न मोठ्याने वाचायचे, दोन्ही हात जोडायचे आणि मोठ्याने 'हो' म्हणून बटण दाबायचे. कोर्टात साक्ष चालल्यासारखं सगळं. मग उत्तर आलं की खूश. "सापडली! बोलून राह्यली!" काही चिपा मात्र लबाड. स्वतः एका कंपनीच्या, नाव दुसऱ्याच कंपनीचं सांगणार. भाऊ मग भिंग लावून तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायचे आणि तिला अशा काही शिव्या घालायचे की मुलींना मी बाहेर पाठवायची.

एकदा एका कम्प्युटरचा पंखा शून्य दाखवायला लागला. म्हणजे फिरतच नव्हता. भाऊंनी झाकण काढलं तर आत उंदराने धान भरून ठेवलेलं, तेही कोणी नीट पाखडून ठेवावं तसं. दिवाळी तोंडावर होती, सगळीकडे कापणी चाललेली, उंदीरही मागे कसा राहील? भाऊंनी ते धान ओंजळीत घेऊन थेट प्राचार्यांच्या टेबलावर ओतलं आणि म्हणाले, "पीक चांगलं हाय औंदा." प्राचार्य दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

प्राचार्यांचं आणि त्यांचं तसं जमायचंच नाही. प्राचार्यांच्या कम्प्युटरवर भाऊंनी तो तापाचा आकडा कोपऱ्यात कायम दिसेल असा लावून दिला होता. आणि तो आकडा होता उणे एकशे अठ्ठावीस. मे महिन्यात! बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि प्राचार्यांची मशीन म्हणे उणे एकशे अठ्ठावीस. प्राचार्यांना त्याचा इतका अभिमान वाटला की येईल त्या पाहुण्याला ते दाखवायला लागले. पाण्याची बाटली कम्प्युटरवर ठेवायला लागले. त्यांनी खुर्चीही हळूहळू त्याच्या बाजूला सरकवली. एक दिवस मी गेले तर ते कम्प्युटरला जवळजवळ टेकून बसलेले, आणि घामाने थबथबलेले.

मी भाऊंना म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना काय ते!"

"त्याईनं विचारलं काऊन नाई मंग? तिथी वायरच जोडली नाई बाई. चिपले तीन कान देल्ले कंपनीनं, एक कान या बोर्डवर रिकामा हाय. रिकाम्या कानात जे काई वाजते ते सांगते थे. तो ताप नोहे."

"मग खरा किती आहे?"

"खरा सांगतला तं घाबरतील."

असा माणूस. पण स्वतः कधी चुकत नसत असं समजू नका. कांद्याचा किस्सा ऐका. कोपऱ्यातली एक मशीन काही केल्या थंड राहीना. भाऊंनी सगळं करून पाहिलं. शेवटी घरी वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, म्हणाल्या, माणसाला कांदा चालतो तर मशीनला काऊन नाई? दुसऱ्या दिवशी भाऊंनी त्या कम्प्युटरच्या पाठीमागे सुतळीने कांदा बांधला. आणि काय सांगू, ताप उतरला! चांगला सात-आठ अंशांनी उतरला. भाऊंनी अख्ख्या स्टाफला लॅबमध्ये बोलावून आकडा दाखवला. भौतिकशास्त्राच्या सरांना तर हात धरून ओढत आणलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मशीनमागे एकेक कांदा.

बाकीच्या मशीनींचा ताप काही उतरला नाही. मी वाकून बघितलं आणि मला हसू आवरेना. कोपऱ्यातल्या त्या मशीनीला मागून कांदा बांधायला जागा नव्हती, म्हणून भाऊंनी ती भिंतीपासून वीतभर पुढे ओढली होती. आधी तिची पाठ भिंतीला चिकटलेली, गरम हवा जाणार कुठे? तेवढं सरकवल्यावर तिला श्वास आला. बाकीच्यांना आधीपासूनच जागा होती. मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. जरा जास्तच आवाज चढवून सांगितलं, कारण कांद्याच्या वासाने माझं डोकं उठलं होतं.

भाऊ मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पन कांदा नसता तं तिले भिंतीपासून हटवलं कोनं असतं?"

कांदे तसेच राहिले.

त्याच उन्हाळ्यात भाऊंनी मशीनींना आवाज दिला. ताप हद्दीबाहेर गेला की नुसतं टूं-टूं वाजायचं, ते कोणी ऐकेना. म्हणून त्यांनी घरी जाऊन वहिनींचा आवाज भरून आणला. "मी दुसऱ्या कोनाचं ऐकत नाई, पन तिचा आवाज आला का उठतोच," हे त्याचं कारण. वहिनींना त्यांनी फक्त एवढं सांगितलं होतं की, मशीन तापली आहे, तिला काय म्हणशील ते म्हण. वहिनी साध्या. तापलेल्या लेकराला जे म्हणतात तेच त्या म्हणाल्या. त्यामुळे लॅबमध्ये शांतता असताना मधूनच एखाद्या कम्प्युटरमधून आवाज यायचा, "अरे बाबू, उन्हात नको राहू रे! घरात ये. कांदा ठेवला का खिशात?" आणि भाऊ जागेवरून ओरडायचे, "आलो, आलो!"

आता मुख्य गोष्ट. नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा कम्प्युटरवर घ्यायचं ठरलं आणि आमच्या कॉलेजात केंद्र मिळायची शक्यता निर्माण झाली. केंद्रप्रमुखाचं झेंगट अर्थातच माझ्या गळ्यात. अट एकच, भर उन्हाळ्यात सराव-परीक्षा तीन तास चालवून दाखवायची, आणि त्यात एकही मशीन बंद पडता कामा नये. पडली तर केंद्र नागपूरला. मी या कामाला आधी नाक मुरडत होते, खोटं कशाला बोलू. पण एक दिवस कोरचीकडचा एक बाप चौकशीला आला. गळ्यात गमछा, सोबत मुलगी. मी सांगितलं, अजून नक्की नाही, कदाचित नागपूरला जावं लागेल.

तो म्हणाला, "ब्रह्मपुरीले तं आनतो बाई, वडसावरून गाडी हाय. नागपूरले नाई जमत. तिथी उतरू कुठी? वळखीचं कोन हाय?" आणि मुलीकडे न बघता म्हणाला, "मंग राहू दे, काई हरकत नाई."

मुलगी दाराच्या कडीशी नुसती खेळत राहिली. कुरखेडा, कोरची, धानोरा, तिकडच्या किती मुलींचं असंच 'राहू दे' होणार होतं! ते दोघं गेल्यावर मी लॅबमध्ये जाऊन भाऊंना म्हटलं, "एकही मशीन बंद पडली ना भाऊ, तर तुमचे सगळे कांदे मी तुम्हाला कच्चे खायला लावीन."

"नाई पडत," भाऊ म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी मला 'किती हाय' विचारलं नाही.

सराव-परीक्षा तपासायला पुण्याहून एक साहेब आले. काळा कोट, टाय, बंद बूट. भर मे महिन्यात! दुपट्टा नाही, टोपी नाही. मी कांदा पुढे केला तर त्यांनी तो दोन बोटांत धरून टेबलावर ठेवून दिला. भाऊ दारातच उभे.

"कोन गाव साहेब?"

"पुणे."

"कोनाच्या घरचे?"

"मी परीक्षा विभागाकडून आलोय."

"मामाचं गाव कोन्तं?"

"त्याचा इथे संबंध काय?" साहेब म्हणाले. "आणि आधी मशीनींचे सगळे आवाज बंद करा. परीक्षेत शांतता लागते."

भाऊ माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "काई खरं नाई बाई. कोन्त्याई पत्त्यावर दार वाजवा, ओळख पटत नाई. काईतरी लपवून राह्यला हा."

भाऊंनी एकेका मशीनीचा आवाज बंद केला. स्वतःच्या टेबलावरच्या मशीनीचा तेवढा राहिला. विसरले की मुद्दाम, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या मशीनीवर त्यांना लॅबमधल्या सगळ्यांचे ताप एकाखाली एक दिसायचे. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना उमेदवार म्हणून बसवलं आणि सराव सुरू झाला.

लॅबमध्ये कूलर एकच, खिडकीतला, हत्तीएवढा. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर मी स्वतः पाणी मारलं होतं. पहिला तास बरा गेला. मग भाऊ पडद्यावरून डोळे न उचलता म्हणाले, "साहेब, कूलर फिरवला का?"

मी वळून पाहिलं. खरंच! साहेबांनी खुर्ची खिडकीशी नेली होती आणि कूलरच्या झडपा सगळ्या आपल्याकडे वळवून घेतल्या होत्या.

"तुम्हाला कसं कळलं?" साहेब दचकले.

"मांगची रांग चढून राह्यली ना. आधी कोपऱ्यातली, मंग तिच्या बाजूची. हवा बंद झाली तिकडची." भाऊ उठले आणि त्यांनी झडपा पुन्हा मुलींच्या रांगांकडे वळवल्या.

"अहो, मला उकडतंय!" साहेब म्हणाले. "मशीनला काय कळतं?"

"मशीनलेच कळते साहेब. तुमाले फक्त वाटते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. माझ्या डोळ्यांपुढे ती कडीशी खेळणारी मुलगी आली आणि मीही बोलून गेले, "साहेब, मशीन बंद पडली तर केंद्र जाणार, हा नियम तुमचाच आहे ना? मग हवा मशीनलाच मिळणार. तुम्ही बंद पडू नये असं नियमात कुठेच लिहिलेलं नाही." बोलले आणि जीभ चावली. आता हा माणूस रागाने केंद्र घालवतो की काय!

साहेब फणकाऱ्याने उठले आणि भाऊंच्या टेबलापाशी जाऊन बसले. नेमका तो कोपरा पश्चिमेच्या भिंतीचा, हवेची झुळूक नाही. तिथे त्यांनी शेवटी कोट काढला आणि ऐटीत अडकवला. कुठे? भाऊंच्या कम्प्युटरच्या पाठीवर! भाऊ तेव्हा मागच्या रांगेत वाकून कोपऱ्यातली मशीन आणखी पुढे ओढत होते. कोणाचंच लक्ष नव्हतं. साहेबांची मान हळूहळू खाली गेली. मला वाटलं, रुसलेत. खरं तर त्यांना ऊन लागलं होतं.

कोटाखाली ती मशीनही गुदमरत होती. आणि त्या शांततेत एकदम वहिनींचा आवाज आला, "अरे बाबू, उन्हात नको राहू रे! घरात ये. कांदा ठेवला का खिशात?"

साहेब डोळे न उघडता मोठ्याने म्हणाले, "आलो व माय! ठेवला ना, हा काय," आणि खिसे चाचपायला लागले.

सगळ्या मुलींचे हात थांबले. भाऊ मागच्या रांगेतून ताडकन उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. नव्या मशीनीची चिप सापडल्यावर व्हायचा ना, तसाच.

"सापडला!" ते ओरडले. "बाई, बोलून राह्यला!"

"अहो, ऊन लागलंय त्यांना!" मी धावले. भाऊंनी आधी कोट काढून मशीनीला मोकळं केलं आणि मगच साहेबांची टाय सोडली, हा क्रमही मी बघून ठेवला. साहेबांच्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकला, मी घरून आणलेलं कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला. आता त्यांना झोपवायचं कुठे? हवा पाहिजे, पण कूलर तर फिरवता येत नाही. भाऊ म्हणाले, "मशीनीच्याच रांगेत बसवा. त्याईच्या वाट्याची थोडी खाईल." म्हणून पुण्याचे साहेब मागच्या रांगेत, दोन कम्प्युटरांच्या मध्ये, डोक्यावर फडकं आणि हातात कांदा घेऊन बसले. भाऊ आपल्या पडद्यावर एकेक आकडा वाचायचे आणि शेवटी न चुकता हाक मारायचे, "साहेब, किती हाय?" साहेब क्षीण आवाजात म्हणायचे, "उतरून राह्यला."

जरा हुशारी आल्यावर भाऊ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "आता सांगा. मामाचं गाव?"

साहेबांनी मान खाली घातली. "नागभीड."

"अन् तुमचं?"

"तळोधीजवळ." ते कांद्याकडे बघत होते. "माय गेल्यावर इकडं आलोच नाई जी. बोलणंही सुटलं. हा आवाज... असाच होता तिचा."

भाऊंना गहिवरून आलं असेल असं वाटलं तर ऐका. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मी म्हनलं होतं ना? छाप पुन्याची, माल इकडचा!" मी त्यांना चिमटा काढला. पण साहेब हसले. पहिल्यांदा हसले.

तीन तास पुरे झाले. एकही मशीन बंद पडली नाही. साहेब उठले, कोट हातावर घेतला आणि मला म्हणाले, "केंद्र इथंच राहील बाई. मशीनी पास हायेत. नापास मी झालो." जाताना त्यांनी टेबलावरचा कांदा उचलून खिशात टाकला.

परीक्षेच्या दिवशी मुली आल्या. वडसावरून गाड्या भरभरून आल्या. आत काहीही नेता येत नाही, म्हणून दारात झडती, आणि जिच्या तिच्या ओढणीच्या गाठीत कांदा! भाऊंच्या टेबलावर कांद्यांचा ढीग झाला. कोरचीची ती मुलगीही होती. तिचा बाप फाटकाबाहेर झाडाखाली बसून होता. भाऊंनी सगळ्यांचे आवाज बंद केले, या वेळी स्वतःच्या मशीनीचासुद्धा, आणि पडद्यात डोळे घालून बसले.

अर्धी परीक्षा झाली असेल, माझा फोन थरथरला. केंद्रप्रमुख म्हणून तेवढा एकच फोन चालू होता. पुण्याचे साहेब.

"बाई, भाऊले विचारा ना, किती हाय?"

मी भाऊंजवळ जाऊन हळूच विचारलं. पडद्यावर सगळे आकडे एकाखाली एक होते. त्यांनी फक्त वाचायचे होते. पण भाऊंनी पडद्यावरून डोळे उचलले. इतक्या वर्षांत आकडा विचारल्यावर ते वर बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी समोर सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, कोपऱ्यातल्या मशीनीपर्यंत.

"सांगा त्याईले," ते म्हणाले, "सगळ्या पोरी लिहून राह्यल्या."